बुढा, बुढी, जवाई

आमच्या घरी माणसांपेक्षा नाती जास्त होती. माणसं तीनच. बाबा, माय आणि मी. पण संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन ताटावर बसले आणि बोलायला लागले की घरात एकदम गर्दी व्हायची. "आज बुढा सकाळपासून खोकलत होता. बुढीनं चिचपल्लीपर्यंत दोनदा पानी मांगलं. जवाई रुसूनच बसला, त्याले फुंकर मारून मारून माझा जीव गेला." माय भात वाढता वाढता विचारायची, "आन साळा?" "साळ्याचं का सांगू! गाडी धावते तवर कमावते, उभी राह्यली का बसला." बाहेरच्या माणसाला वाटावं, या घरात काय ही दुखणी आणि काय हे रुसवे. पण हे सगळं एका मोटारीबद्दल चाललेलं असायचं. बुढा म्हणजे इंजिन. बुढी म्हणजे रेडिएटर, कारण ती सारखी तहानलेली. जवाई म्हणजे कार्बोरेटर, त्याची मर्जी सांभाळल्याशिवाय काही चालत नाही. साळा म्हणजे डायनामो. ब्रेकला सासरा म्हणत, कारण तो समोर आला की चाल आपोआप धीमी होते. आणि सगळ्यांचं ओझं मुकाट्यानं उचलणारी चाकांवरची पोलादी कमानी, तिला भोजाई. मी लहानपणी हीच नावं शिकलो. मोटारीच्या अंगाला दुसरी काही नावं असतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मला बाबांची लाज वाटली. हे लिहायला नको वाटतं, पण तेवढ्यासाठीच हे प्रकरण लिहायला बसलो आहे.

तेव्हा चंद्रपूरला आम्ही चांदाच म्हणायचो. परकोटाच्या आत, भिंतीला लागूनच आमचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. मागे अंगण, अंगणात कडुनिंब. सकाळी खाणीचा भोंगा झाला की माय चूल पेटवायची आणि बाबा अंघोळ करून निघायचे. बाबा ज्याच्याकडे चाकरीला होते त्या शेठच्या तीन प्रवासी मोटारी चांद्याहून मूल गावाकडे जात-येत. त्यातली सगळ्यात जुनी बाबांकडे. ती लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या धुरावर चाललेली मोटार. पाठीमागे भट्टीचा डबा बसवला होता त्याची भोकं अजून तिच्या पत्र्याला होती. बाबांचं नाव डोमाजी. रस्त्यावरची सगळी गावं त्यांना डोमाजीभाऊ म्हणत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण बोनेटवर तळहात ठेवून कुठं काय बिघडलंय ते सांगत, वैद्य नाडी बघतो तसं. दुपारच्या जेवणाला माय त्यांना भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि जवसाची चटणी बांधून द्यायची, आणि उन्हाळ्यात एका मडक्यात आंबील. रस्त्यावरून येताना ते कधी टेंबरं आणत, कधी पळसाच्या पानात चारं. त्या फळांना पेट्रोलचा वास यायचा. मला तो आवडायचा. अजूनही पंपावर गाडी थांबली की तोंडाला चारांची चव येते, आणि हे कोणाला सांगायची सोय नाही.

बाबांबरोबर मोटारीवर लच्छू होता, माडिया-गोंडांच्या गावचा, बाबांपेक्षा वयानं मोठा. मोटार सुरू करायला पुढून हॅण्डल मारायचं, पाणी भरायचं, चाक बदलायचं काम त्याचं. ही नात्यांची नावं त्यानंच पाडली होती. त्याचं कारण असं. आमच्याकडे रानात वाघाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणतात, नाहीतर मोठा म्हणतात. नाव घेतलं की त्याला हाक मारल्यासारखं होतं. एकदा केळझरच्या चढावर कोण्या प्रवाशानं मोटारीच्या जुनेपणावरून टोमणा मारला, आणि बाबा चिडून म्हणाले, "कमानी पोलादाची हाये जी, दहा साल तुटत नाई." दोन फर्लांगावर कमानी तुटली. मोटार एका अंगावर कलून मोहाच्या झाडाला टेकली. एका म्हातारीचा हात मोडला. लच्छू खाली उतरला, तुटलेला पाटा हातात घेतला आणि म्हणाला, "नाव घेतलं भाऊ. तिनं ऐकलं." त्या दिवसापासून नेम झाला. मोटार धावत असली, की तिच्या कुठल्याही अंगाचं खरं नाव तोंडातून काढायचं नाही. नात्यानं बोलायचं. मोटार गावात येऊन थंड झाली की मग काय पाहिजे ते बोला. बाबांनी हा नेम पुढं कधी मोडला नाही. मूलच्या रस्त्यावरचे रोजचे प्रवासीही पाळत. "डोमाजीभाऊ, बुढा तापला वाटते," असं शाळामास्तरसुद्धा म्हणायचे.

यात खरं किती, खोटं किती, हे तपासायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. तरुणपणी होती. तेव्हा मी सगळंच तपासत होतो.

मी नागपूरला शिकायला गेलो आणि बी.ए. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी चौथीच्या वर गेलं नव्हतं. हे मी आजही अभिमानानं सांगतो, आणि ज्यांच्या आजोबांनाच पदव्या होत्या त्यांनी नाक मुरडलं तर मुरडू देतो. बाबांनी मोटारीवर उभं आयुष्य काढलं तेव्हा माझं कॉलेज झालं. बी.ए.चा निकाल घेऊन मी घरी आलो त्याच उन्हाळ्यात शेठनं सगळ्यांना बोलावून सांगितलं, की मूलचा रस्ता आता सरकारी मोटारखात्याकडे जाणार. आपल्या तिन्ही मोटारी बंद. ज्यांना नव्या खात्यात यायचं असेल त्यांनी परीक्षा द्यायची. पास झाला तो ड्रायव्हर. नापास झाला तर हेल्पर म्हणून घेतील, नाहीतर घरी. परीक्षेत मोटार चालवून दाखवायची आणि तिच्या अंगांची नावं सांगायची. छापील नावं.

लच्छूनं ते ऐकलं, हॅण्डल बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मी जातो गावाले. मले नवीन सोयरीक नाई जमत आता." तो खरंच गेला. हॅण्डल आमच्या घरी राहिलं.

बाबा मात्र माझ्याकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा काही मागायला आल्यासारखे अंगणात उभे राहिले. "बाबू, तू शिकला हायेस. मले शिकव."

मी नागपूरला जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मोटारीची माहिती देणारं एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात चित्रं होती आणि प्रत्येक भागावर बाण काढून नाव लिहिलेलं होतं. मी त्यातली साठ नावं निवडली. मग रोज सकाळी, ऊन तापायच्या आधी, कडुनिंबाखाली आमची शाळा भरू लागली. बाबांनी शेठच्या छपरातून मोडके सुटे भाग आणून गोणपाटावर मांडले होते. मी काठी लावायचो आणि नाव म्हणायचो, ते माझ्यामागे म्हणायचे. माय जात्यापाशी बसून ऐकायची. तिनं साठ चिंचोके मोजून सुपात घेतले होते. बाबांचं एक नाव बरोबर आलं की एक चिंचोका टोपलीत. चुकलं तर ती टोपलीतला एक परत सुपात टाकायची आणि म्हणायची, "मास्तर मारत नाई म्हनून का झालं!"

खरं सांगायचं तर त्या शाळेत शिकलो मीच. माझ्याजवळ नावं होती, पण नावाच्या आत काय असतं ते माहीत नव्हतं. मी म्हणालो, "कार्बोरेटर." बाबा म्हणाले, "कारबोरेटर. बरं. ते काय करते सांग."

"पेट्रोल देतं इंजिनाला."

"निस्तं पेट्रोल देल्लं तं बुढा मरंल गुदमरून." त्यांनी मायकडे बोट दाखवलं. "तुझी माय आंबील कशी करते? पीठ जास्त झालं तं घशाले चिकटते. पानी जास्त झालं तं पोटाले आधार नाई. हवा आन पेट्रोल तसं कालवते हा. सकाळी थंडीत घट्ट लागते, दुपारी पातळ. मानूस हाताची चव वळखते, हा बी वळखते."

डिफरन्शियल या शब्दावर त्यांची जीभ चार दिवस अडखळली. तो भाग मागच्या आसाच्या मधोमध असतो एवढंच मला पुस्तकानं सांगितलं होतं. बाबांनी दोन्ही हातांच्या मुठी समोर धरल्या. "वळनावर बाहेरच्या चाकाले जास्त चालावं लागते, आतल्याले कमी. दोघं बी एकाच आसावर. मंग झगडा होनार का नाई? हा मधात बसते आन दोघांचं जमवते. म्हनून आम्ही त्याले मामा म्हनतो." मी हसलो, पण मला पहिल्यांदा तो शब्द कळला. पुढं आयुष्यभर मी शाळेत शिकवलं, मुलांना पुष्कळ व्याख्या पाठ करून दिल्या, आणि दर वेळी त्या दोन मुठी डोळ्यांपुढं यायच्या. त्या मुठींसारखं एकही समजावणं मला जमलं नाही.

पण तेव्हा मी मास्तर होतो आणि माझी मास्तरकी कडक होती. बाबा मध्येच "जवाई" म्हणाले की मी काठी आपटायचो. "हे बंद. बुढा, बुढी, साळा, मामा, सगळं बंद. साहेबापुढं यातलं एक जरी तोंडातून निघालं ना बाबा, तर लोक हसतील. अडाणी म्हणतील. खूण म्हणूनसुद्धा वापरायचं नाही." बाबा मान डोलवायचे. लहान मुलासारखी त्यांनी माझ्यासमोर शपथही घेतली. त्यांनी शब्द दिला की दिला.

एक दिवस त्यांनी विचारलं, "आन रस्त्यावर विचारलं तं?"

"काय?"

"मोटार धावत असताना साहेबानं नाव विचारलं तं मी का म्हनू?"

मी तेव्हा हसलो. "रस्त्यावर कोण परीक्षा घेतं बाबा? परीक्षा टेबलावर असते. तो विचारील, तुम्ही सांगाल." कारण माझ्या सगळ्या परीक्षा टेबलावर झाल्या होत्या. बाबा गोणपाटावरचा एक प्लग उचलून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. त्या दिवशी टोपलीत साठ चिंचोके पडले, पहिल्यांदाच, आणि मायनं आनंदानं मोहफुलांच्या पोळ्या केल्या.

परीक्षेच्या दिवशी बाबांनी धुतलेला सदरा घातला. अर्ज भरायला आणि कुठं सही, कुठं अंगठा ते दाखवायला मी बरोबर गेलो. जटपुरा दरवाज्याबाहेरच्या मैदानात खात्याची एक नवी बस उभी होती. पंधरा-वीस ड्रायव्हर सावलीत बसले होते. साहेब दूरच्या मुलुखातून आलेले, मध्यम वयाचे, उन्हानं हैराण झालेले. वाईट माणूस नव्हते. एवढ्या लोकांची परीक्षा एका दिवसात संपवायची म्हणून त्यांनी एक सोय काढली होती. उमेदवारानं बस मूलच्या रस्त्याला काढायची, रान लागलं की पाचेक मैल जाऊन परत फिरायचं, आणि साहेब शेजारी बसून वाटेतच नावं विचारणार. वेळ वाचतो.

मला हे कळलं तेव्हा बाबा आधीच चाकावर बसले होते. त्यांनी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांच्या पाठीमागच्या बाकावर होतो, हातात अर्ज. माझ्या शेजारी खात्याचा एक कारकून, आणि मागे बाकीचे उमेदवार.

बस निघाली. बाबांनी ती नवी मोटार अशी चालवली, की साहेब दोनदा "वा" म्हणाले. गिअर बदलल्याचं कळत नव्हतं. रान लागलं. साग पूर्ण उघडा पडलेला, खाली वाळल्या पानांचा सडा. साहेबांनी कागद मांडीवर घेतला.

"आत्ता डाव्या पायानं काय दाबलंत?"

बाबा गप्प.

साहेबांना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी मोठ्यानं विचारलं. बाबांचे ओठ हलले, पुन्हा मिटले. "बरं, ते राहू द्या. इंजिन गार ठेवतं ते कोण?" गप्प. "दिव्याला वीज कुठून येते?" गप्प. बाबांच्या मानेवरून घाम सदऱ्यात उतरत होता तो मला दिसत होता. पाठीमागचं कोणी तरी खुसखुसलं. "डोमाजीभाऊची वाचा गेली रे!" साठच्या साठ नावं त्या डोक्यात होती, कालच टोपलीत पडली होती. त्यांना ती घेता येत नव्हती, कारण मोटार धावत होती आणि ते रानात होते, आणि चाकावर बसून चाळीस माणसं आणायची-न्यायची तर नेम मोडायचा नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त होती. आणि जी नावं त्यांना रस्त्यावर घेता येत होती ती मी काढून घेतली होती. शब्द दिला होता त्यांनी मला. माणसाकडे बोलायला काहीच उरलं नव्हतं.

बस मैदानात परत आली. बाबांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, बोनेटवर तळहात ठेवला. मग धावत साहेबांच्या दारापाशी गेले. "साहेब, आता सांगू? आता सांगतो जी सगळं."

"आता काय सांगता?" साहेब थकून म्हणाले. "पुढचा कोण आहे?" पण त्यांनी पेन लगेच टेकवलं नाही. ते माझ्याकडे वळले. मी सुशिक्षित दिसत होतो, बूट घातलेले होते. "तुम्ही यांचे कोण?"

"मुलगा. बी.ए. आहे."

"मग सांगा. यांना खरंच येत नाही, की काही कारण आहे? चालवतात तर उत्तम."

त्यांनी हे मनापासून विचारलं होतं. आजही मला त्यांचं ते हवेत थांबलेलं पेन दिसतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य सांगायचं म्हणजे कारकुनासमोर, त्या खुसखुसणाऱ्या वीस माणसांसमोर वाघाचं नाव, लच्छू, बुढी आणि जवाई सांगायचं. ते हसले असते. बी.ए. झालेल्या मुलाच्या घरात हे असं चालतं, असं म्हणाले असते. बाबा माझ्याकडे बघत होते. मी सांगीन असं त्यांना वाटत होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी म्हणालो, "मी शिकवलं होतं सर. साठच्या साठ."

पेन कागदावर टेकलं.

बाबांना हेल्पर म्हणून घेतलं. निवृत्त होईपर्यंत ते डेपोत बसगाड्या धूत होते आणि रेडिएटरमध्ये पाणी भरत होते. त्यांच्यानंतर लागलेली पोरं त्यांना "डोमाजी, पाणी!" म्हणून हाका मारायची. मी एकदा डबा द्यायला गेलो तेव्हा ते एका बसच्या तोंडाशी बादली घेऊन उभे होते आणि हळू आवाजात म्हणत होते, "पी बुढे, पी." मला पाहून गप्प झाले, मास्तर आल्यासारखे. त्या दिवसाबद्दल त्यांनी मला कधीही एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं. मी आता त्यांच्या त्या वयापेक्षा कितीतरी म्हातारा आहे. परवा नातू मला गाडीतून मूलला घेऊन गेला. केळझरच्या आसपास गाडीत कसलासा दिवा लागला आणि तो म्हणाला, "आजोबा, रेडिएटर..." माझा हात त्याच्या गुडघ्यावर गेला. का, ते मी त्याला सांगितलं नाही. सांगायला फार मागे जावं लागलं असतं.

परीक्षेच्या त्या दिवशी आम्ही मैदानातून चालत घरी आलो. बाबा पुढे, मी मागे. खाणीचा दुपारचा भोंगा झाला. दरवाज्यापाशी एक ओळखीचा टांगेवाला म्हणाला, "का डोमाजीभाऊ, झाले का सरकारी डायवर?" बाबांनी नुसता हात हलवला. घरी मायनं भात आणि अंबाडीची भाजी करून ठेवली होती. बाबांनी पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि अंगणात, कडुनिंबाखाली, रोजच्या शाळेच्या जागेवर जाऊन बसले. ताटाला हात लावला नाही. समोर मोकळं गोणपाट होतं. त्यांनी डोळे मिटले आणि बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत म्हणायला सुरुवात केली. "किलच. गेर. कारबोरेटर. रेडेटर. डायनामो." एकही शब्द अडला नाही. डिफरन्शियलसुद्धा नाही. माय धावत सूप घेऊन आली आणि एकेक चिंचोका टोपलीत टाकू लागली. मी उंबरठ्यावर उभा होतो, अजून बूट काढले नव्हते.

शेवटचा चिंचोका पडला. माय म्हणाली, "साठ झाले जी." तिचा चेहरा फुलला होता, आणि मग आमच्या दोघांचे चेहरे पाहून उतरला. "मंग साहेबापुढं काऊन नाई बोलले?"

बाबांनी डोळे उघडले. "मोटार चालू होती ना."

मायनं मान डोलावली. तिला तेवढं पुरलं. ती आत गेली आणि भात वाढून आणला, कारण हे कोणालाही समजण्यासारखं होतं.